ब्लास्टरचं जेटिंग: आधी हवेची गळती, मग जेट

दोन-स्ट्रोक इंजिनचं काम पुरं झालं, दुसऱ्या-तिसऱ्या किकला ते सुरू झालं, की हात आपोआप कार्ब्युरेटरकडे जातो. माझाही गेला होता. त्यात एक नवा पिस्टन गेला आणि सिलिंडर पुन्हा बोअर करावा लागला. म्हणून इथे मी जेटपासून, म्हणजे कार्ब्युरेटरमधून पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक पितळी भोकांपासून, सुरुवात करत नाही. जेट बऱ्याच पुढे येतील.

आमची गाडी म्हणजे २००२ सालची यामाहा ब्लास्टर. चार चाकांची क्वाड, किकवर सुरू होणारी. १९५ सीसीचं एकच सिलिंडर, वाऱ्यावर थंड होणारं इंजिन, २६ मिलिमीटरचा मिकुनी कार्ब्युरेटर. ही गाडी १९८८ ते २००६ एवढीच वर्षं निघाली, त्यामुळे आज हाती लागते ती चार-पाच मालकांच्या हातून फिरलेली. आम्ही ॲरिझोनात, फिनिक्सच्या उत्तर भागात राहतो. माझ्या सतरा वर्षांच्या मुलाने ती आणली तेव्हा इंजिन दोन खोक्यांत सुटं भरलेलं होतं.

मी मूळची कोल्हापूरची. उद्यमनगरात आबांचं गॅरेज होतं. आरएक्स १०० रांगेने उभ्या असायच्या, आणि शाळा सुटली की पेट्रोलच्या ताटलीत जेट धुवायचं काम माझ्याकडे असायचं. आरएक्ससुद्धा दोन-स्ट्रोक, वाऱ्यावर थंड होणारी, मिकुनीवर चालणारी. तिथे शिकलेलं इथे जवळजवळ जसंच्या तसं लागू पडलं. फरक इतकाच, की क्वाडला मूठ पिळायची नसते, उजव्या अंगठ्याने पट्टी दाबायची असते. हा फरक जेटिंगच्या वेळी कसा आडवा येतो ते पुढे सांगते.

हवा कुठून शिरते ते आधी शोधा

पहिल्या बांधणीच्या वेळी मी काय केलं ते सांगते. सिलिंडर अर्धा मिलिमीटर वाढवून ६६.५० केला, पिस्टन, रिंगा, पॅकिंग, सगळं नवं घातलं. इंजिन छान सुरू झालं, पण रेस सोडली की आवाज लगेच खाली यायचा नाही. दोन-तीन सेकंद वरच तरंगायचा. मला वाटलं पेट्रोल कमी पडतंय. पायलट जेट, म्हणजे कमी रेसचा, एक नंबरने वाढवला, थोडा फरक पडला. मग मेन जेट, म्हणजे जास्त रेसचा, वाढवला, अजून बरं वाटलं. तिसऱ्या फेरीला लेक प्लेझंटजवळच्या एका कोरड्या ओढ्यातून चढावर जाताना, साधारण चाळीस मिनिटांनी, इंजिन जाग्यावर आवळलं आणि मागची चाकं वाळूत घासत गेली. खोलून पाहिलं तर पिस्टनची सायलेन्सरकडची बाजू वरपासून खालपर्यंत खरवडलेली होती आणि रिंग खाचेतच चिकटून बसली होती.

त्या रात्री मी आबांना आधीच्या आठवड्यात मुलाने काढलेला व्हिडिओ पाठवला. त्यांनी दोनदा ऐकला आणि विचारलं, "रेस सोडल्यावर खाली याला एवढा येळ का लागालाय गं? हवा ओढालंय ते. जेटनं न्हाई भागायचं." मॅग्नेटच्या बाजूचं क्रँकचं ऑइल सील बसवताना माझ्याच हातून त्याची ओठाची कड आत दुमडली गेली होती.

यामागचं कारण समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं जातं. दोन-स्ट्रोकमध्ये हवा आणि पेट्रोल आधी क्रँककेसमध्ये ओढलं जातं, मग वर सिलिंडरमध्ये जातं. क्रँककेसला कुठेही बारीकशी फट असली, तर त्या ओढीत बाहेरची हवा शिरते. कार्ब्युरेटरला त्या हवेचा पत्ताच नसतो, त्यामुळे तिच्या वाटणीचं पेट्रोल येत नाही. मोठा जेट घालून एका ठरावीक रेसवर ही उणीव झाकता येते. पण फटीतून येणारी हवा थ्रॉटलप्रमाणे कमी-जास्त होत नाही. अंगठा कमी दाबलेला असताना तिचा वाटा जास्त, पूर्ण दाबल्यावर कमी. कुठलाही जेट तिच्या मागे धावू शकत नाही. शिवाय या इंजिनात पेट्रोल नुसतं जळत नाही, ते पिस्टन थंड ठेवतं आणि सोबत ऑइल घेऊन येतं. पेट्रोल कमी पडलं की तापमान वाढतं आणि त्याच क्षणी वंगणही कमी होतं.

तपासणीचं साधन घरी होतं. रक्तदाब मोजायच्या जुन्या यंत्राचा रबरी फुगा आणि गोल डायल. त्यावर ३०० मिलिमीटर पारा म्हणजे साधारण ५.८ पीएसआय (टायरची हवा मोजतात तेच माप), आणि या कामाला ६ पीएसआयच्या आसपासच दाब हवा असतो. त्यापेक्षा फार जास्त दिला तर चांगली सीलंही जागेवरून सरकतात, म्हणून टायरचा कॉम्प्रेसर इथे लावू नका. सायलेन्सर काढून त्या तोंडाला नळकामाच्या दुकानात मिळणारं पेचाने फुगणारं रबरी बूच बसवलं. कार्ब्युरेटर काढून इनटेकच्या रबरात पीव्हीसीचं टोपण क्लॅम्पने आवळलं, त्याला भोक पाडून सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह, आणि व्हॉल्व्हला फुग्याची नळी. प्लग जागेवर घट्ट, पिस्टन अगदी तळाशी. मग हळूहळू फुगवत ३०० वर आणायचं आणि घड्याळ लावायचं. सहा मिनिटं काटा जवळजवळ हलला नाही तर इंजिन बंदिस्त आहे. मिनिटाला एक पीएसआयपेक्षा जास्त, म्हणजे डायलवर पन्नासच्या वर, उतरत असेल तर भांडी घासायच्या साबणाचं पाणी ब्रशने सगळीकडे लावा. हेडचा सांधा, सिलिंडरखालचं पॅकिंग, इनटेकचं रबर, रीडची (आत ओढलेलं परत जाऊ न देणाऱ्या पातळ पट्ट्यांची) बैठक. बुडबुडे जागा दाखवतात. डाव्या सीलपर्यंत जायला मॅग्नेटचं चाक काढावं लागतं, त्यासाठी पुलर लागतो. कंटाळा करू नका, माझी फट नेमकी तिथेच होती.

उजव्या बाजूचं सील फुटलं तर लक्षणं वेगळी असतात. त्याच्या पलीकडे क्लच आणि गिअरचं ऑइल आहे, म्हणून हवेऐवजी ते ऑइल ओढलं जातं. दाट पांढरा धूर, ओला काळा प्लग आणि गिअर ऑइलची घटणारी पातळी. इथे माणूस पेट्रोल जास्त झालंय असं समजून जेट लहान करतो, आणि तेही तितकंच चुकीचं.

इनटेकच्या रबराला वरून काही दिसत नसलं तरी ते हाताने वाकवून पाहा. वीस-बावीस वर्षांच्या रबराला वळणाच्या आतल्या बाजूला तडे असतात. आम्ही नवंच घेतलं.

कार्ब्युरेटर टेबलावर

जेट बाहेर काढा, कार्ब क्लीनर मारा, दाबाच्या हवेने फुंका. तार घालू नका. पितळ मऊ असतं, तारेने भोक नकळत मोठं होतं आणि वरचा आकडा खोटा पडतो. आधीच्या मालकाने तसं केलं असेल ही शक्यता धरून मी पायलट, मेन आणि नीडल जेट तिन्ही नवे घेतले. मिकुनीच्या असली जेटवर बारीक चौकोनी चिन्ह ठोकलेलं असतं. दुसऱ्या कंपनीचे जेट वाईटच असतात असं नाही, पण त्यांचा २६० आणि मिकुनीचा २६० सारखाच असेल याची खात्री नाही. एका गाडीत एकाच कंपनीचे वापरा, नाहीतर मोजमापाला अर्थ राहत नाही.

फ्लोटची (कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) उंची मॅन्युअलप्रमाणे लावा. पातळी चुकली तर सगळ्याच जेटचं गणित चुकतं. फ्लोटच्या सुईचं टोक भिंगातून पाहा, कड पडलेली असेल तर बदला.

इंधनाचंही आधीच ठरवून टाका. या गाडीला मुळात ऑइलचा पंप असतो. आमचा पंप आधीच्या कुणीतरी काढलेला होता, म्हणून आम्ही टाकीतच टू-टी, म्हणजे दोन-स्ट्रोकचं ऑइल, मिसळतो. ३२ ला १ या प्रमाणात एका गॅलनला ४ औंस, म्हणजे सुमारे ११८ मिलिलिटर. हे प्रमाण पुढे बदलायचं नाही. ऑइल वाढवलं की त्याच जेटमधून पेट्रोल तेवढं कमी जातं. 'जास्त ऑइल म्हणजे जास्त सुरक्षित' असं वाटतं, पण इंजिन त्याने लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. इथल्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये साधारण १० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला जेट थोडा मोठाच लागतो. तिकडे भारतात आता २० टक्क्यांचं मिळतं. आबांनी त्यांच्या आरएक्सची पिन (थ्रॉटलसोबत वर-खाली होणारी कार्ब्युरेटरमधली निमुळती सुई) एक खाच वर घेतली ती त्यामुळेच.

एअर फिल्टर, त्याच्या डब्याचं झाकण आणि सायलेन्सर ज्या अवस्थेत कायम ठेवणार आहात, त्याच अवस्थेत जेटिंग करा. ब्लास्टरच्या एअरबॉक्सचं नुसतं झाकण काढलं तरी हवा खूप वाढते. मूळ गाडीत मेन जेट २३० चा येतो, तो झाकणासकटचा. आम्ही झाकण काढून तेल लावलेला फोमचा फिल्टर ठेवला, सायलेन्सर मूळचाच आणि त्यातला ठिणग्या अडवणारा स्पार्क अरेस्टरही जागेवर. सरकारी जमिनीवर फिरायचं तर तो सक्तीचा आहे.

इंजिन नवं असताना मेन जेट दोन-तीन नंबरने मोठाच घाला. आम्ही २९० ने सुरुवात केली. पहिल्या दिवशी सिलिंडरच्या पंख्यांना हात लावता येणार नाही इतपत तापेपर्यंत चालवायचं, मग पूर्ण थंड होऊ द्यायचं, असं तीनदा. थंड झाल्यावर हेडचे नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासायचे. पुढच्या दोन टाक्या अंगठा कमी-जास्त करत, भार न देता. या काळात पूर्ण रेसवरचा कुठलाही निर्णय घ्यायचा नाही.

पायलट आणि हवेचा स्क्रू

अंगठ्याच्या पहिल्या आठव्या भागापर्यंत पायलट जेटचं राज्य असतं. हवेचा स्क्रू त्याच्यासोबत काम करतो. मिकुनीचा हा स्क्रू हवेचा आहे, पेट्रोलचा नाही. आत पिळला की हवा कमी होऊन मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) होतं, बाहेर काढला की लीन. काही कार्ब्युरेटरना पेट्रोलचा स्क्रू असतो, तिथे सगळं उलट. स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा समजावा.

इंजिन पूर्ण गरम करा. दहा मिनिटं चालवून आणल्याशिवाय ते गरम झालं असं म्हणू नका. आयडलचा (अंगठा न दाबता इंजिन फिरतं त्या वेगाचा) स्क्रू थोडा वर ठेवा. हवेचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत, मग दीड फेरा बाहेर. आता पाव-पाव फेऱ्याने फिरवत आयडल कुठे सर्वांत वर जातं ते ऐका. प्रत्येक पाव फेऱ्यानंतर दहा सेकंद थांबा, इंजिनाला बदल समजायला वेळ लागतो. सर्वांत वरची जागा एक ते अडीच फेऱ्यांच्या मध्ये आली तर पायलट बरोबर आहे. एक फेऱ्याच्या आत आली तर इंजिन जास्त पेट्रोल मागतंय, पायलट मोठा हवा. अडीचच्या पुढे गेली तर लहान. आमची जागा ३२.५ वर अर्ध्या फेऱ्यावरच आली. ३५ घातल्यावर पावणेदोन फेऱ्यांवर आली, आणि तिथून स्क्रू पाव फेरा आत घेऊन ठेवला.

तो पाव फेरा रिच का? लांब उतारावर अंगठा सोडून गाडी गिअरमध्ये उतरते, तेव्हा इंजिन जोरात फिरत असतं आणि त्याला पेट्रोल फक्त पायलटमधून मिळतं. टाकीत मिसळलेलं ऑइलही तेवढंच. पायलट लीन असला तर उतारावर पिस्टन चिकटतो, आणि लोकांना कळत नाही की रेसच नव्हती तर चिकटला कसा. मुलाला मी शिकवलंय, उतारावर क्लच धरून मधेमधे एक हलकी रेस मारायची.

आता कसोटी. आयडलवरून अंगठा झटकन दाबा. इंजिन क्षणभर गुदमरून मग उठलं आणि आवाज कोरडा असेल तर लीन. गुरगुरत, धूर काढत उठलं तर रिच. रेस सोडल्यावर आवाज पटकन खाली बसला पाहिजे. तरंगत राहिला आणि स्क्रू आत घेऊनही फरक पडला नाही, तर जेटची डबी बंद करून पुन्हा रक्तदाबाचं यंत्र काढा.

मेन जेट आणि प्लग

पायलटनंतर मी पिन सोडून थेट मेनवर जाते. बरेच जण खालून वर क्रमाने जातात. पण अर्ध्या थ्रॉटलच्या वर मेनची सावली पिनच्या हद्दीतही पडते, म्हणून मेन आधी ठरवला तर पिन एकदाच लावावी लागते.

पाचशे मीटरची सरळ, रिकामी, सपाट वाट हवी. चौथ्या गिअरमध्ये अंगठा पूर्ण दाबून धरा. जेट फार मोठा असेल तर वरच्या रेसला इंजिन फडफडतं, जणू एकाआड एक स्फोट होतोय. चार-स्ट्रोकसारखा जाड आवाज येतो आणि वेग पुढे सरकत नाही. आमच्या २९० ला असंच झालं. २८० ला फडफड फक्त शेवटी राहिली. २७० ला गेली, पण आवाजाला जडपणा होता. २६० ला स्वच्छ. एका वेळी एकच नंबर उतरवायचा, आणि प्रत्येक बदलानंतर तीच वाट, तोच गिअर, तोच माणूस.

मुलाच्या आग्रहाखातर २५० ही घालून पाहिला, एकदाच आणि थोडक्यात. गाडी २६० पेक्षा हलकी आणि चपळ वाटली. हीच जागा फसवणारी आहे. दोन-स्ट्रोक लीन होत जातं तसं काही काळ जास्त ताकदीचं वाटतं, आणि त्यापुढच्या पायरीवर पिस्टन जातो. पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनाला थोडी तरी सवड असते. आमचं इंजिन वाऱ्यावर चालतं, आणि वाळूत वेग कमी, भार जास्त, वारा नाहीच. सर्वांत चपळ वाटणाऱ्या जेटपेक्षा एक नंबर मोठा ठेवायचा, यावर मी तडजोड करत नाही.

कानाने ठरवलेलं प्लगने पडताळायचं. नवा प्लग घाला, आम्ही एनजीकेचा बीआर८ईएस वापरतो. गाडी जुन्या प्लगवर आधीच गरम केलेली असू द्या. पूर्ण रेसवर ती पाचशे मीटरची वाट पळवा आणि रेस धरलेली असतानाच एकाच वेळी किल स्विच दाबा व क्लच ओढा. आधी अंगठा सोडून मग बंद केलंत, तर प्लगवर आयडलची खूण उमटते आणि वाचन वाया जातं. गाडी घरंगळत थांबू द्या, प्लग पान्याने काढा.

प्लगच्या टोकाच्या रंगावर मेनचा निर्णय घेऊ नका. बघायचं ते खोल आत, चिनी मातीचा पांढरा भाग लोखंडी कवचात जिथे शिरतो तिथे. तिथे एक अरुंद कडं दिसतं. बॅटरी आणि भिंग लागतंच. नक्की बघायचं असेल तर घरी आणून करवतीने आट्याचा भाग कापून काढा. कडं दुधाच्या चहासारखं किंवा त्याहून थोडं गडद असेल तर ठीक. काळं, काजळीचं, रुंद असेल तर रिच. कडंच नसेल, सगळं पांढरंफटक असेल तर लीन. आणि पांढऱ्यावर मिरपुडीसारखे किंवा चकाकणारे बारीक ठिपके दिसले तर तिथेच थांबा, चकाकी म्हणजे पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे. त्या दिवशी गाडी ट्रेलरवर घरी जाईल, चालत नाही.

आमच्या २६० वर कडं चहाच्या रंगाचं आलं, २५० वर कळत-नकळत पिवळट. त्यानंतर हेड उघडून पिस्टनचा माथाही पाहिला. ताजं मिश्रण ज्या वाटांनी वर येतं त्यांच्या तोंडाशी माथ्यावरची काजळी धुतली जाते आणि तिथे धातूचे स्वच्छ ठसे दिसतात. ठसे मोठे, अर्धा माथा व्यापणारे असतील तर रिच. अजिबात नसतील तर लीन. आमचे नखाएवढे होते. प्लगपेक्षा मी या ठशांवर जास्त विश्वास ठेवते, कारण ते एका धावेत नाही, दोन टाक्यांत तयार झालेले असतात.

पिन

पाव ते पाऊण थ्रॉटलमध्ये पिनचा अंमल. तुम्ही सर्वांत जास्त वेळ याच भागात गाडी चालवता, आणि इथेच लोक सर्वांत कमी वेळ देतात. अडचण अशी, की मुठीवर चिकटपट्टी लावून खुणा करता येतात, अंगठ्याच्या पट्टीवर अंदाजच लागत नाही. आम्ही फिल्टरकडचं रबर काढलं. मी आत बॅटरी मारून स्लाइड (पट्टी दाबली की वर जाऊन हवेची वाट उघडणारा दट्ट्या) किती वर आली ते पाहत होते आणि मुलगा पट्टी दाबत होता. पाव, अर्धा, पाऊण अशा तीन ठिकाणी थ्रॉटलच्या डबीवर पांढऱ्या रंगाचे ठिपके दिले, एक ठिपका पट्टीवर. पट्टी वाटते त्यापेक्षा कितीतरी आधी अर्ध्यावर पोहोचते हे तेव्हा कळलं. त्याआधी आम्ही ज्याला पाव म्हणत होतो तो जवळजवळ अर्धा होता.

पिनवरची क्लिप खालच्या खाचेत घातली की पिन वर उचलली जाते आणि मिश्रण रिच होतं. क्लिप वर म्हणजे लीन. खाचा वरून मोजायच्या. मधल्या खाचेपासून सुरुवात करा. हलक्या चढावर, चौथ्या गिअरमध्ये, पट्टी अर्ध्याच्या ठिपक्यावर धरून मिनिटभर जा. घशात काही अडकल्यासारखा गुरगुराट आला तर रिच. आवाज कोरडा, खणखणीत पण ओढ सपाट, आणि हेडमधून काचेच्या गोट्या आपटल्यासारखी बारीक खटखट आली तर लीन, लगेच रेस सोडा. शंका असेल तर पाव थ्रॉटलला धरून चोक अर्धाच ओढून पाहा. इंजिन सुधारलं तर ते पेट्रोल मागत होतं, बिघडलं तर पुरेसं मिळत होतं. आमची क्लिप मधल्यापेक्षा एक खाच खाली बसली.

स्लाइडच्या खालच्या कापालाही आकडा असतो, मोठा आकडा म्हणजे लीन. मूळ स्लाइड झिजलेली नसेल तर तिच्या वाटेला जाऊ नका. सगळं झाल्यावर हवेचा स्क्रू पुन्हा एकदा तपासा, तो पाव फेऱ्याने हललेला असतो.

उंची आणि थंडी

हे सगळं जमवलं ते ऑक्टोबरमध्ये, फिनिक्सजवळ, ३३० मीटरच्या आसपास, साधारण ३० अंश सेल्सिअसला. फ्लॅगस्टाफच्या जंगलात गेलो की उंची २,१०० मीटर. तिथे हवा विरळ, इंजिनाला तेवढं पेट्रोल नको. कोल्हापूरहून महाबळेश्वरला गेलेल्या आरएक्स काळे प्लग घेऊन परत यायच्या, त्यातलंच हे.

हिशेब असा. तिथे २० अंश तापमान धरलं तर हवेची घनता आमच्या ऑक्टोबरच्या सुमारे ८४ टक्के येते. जेट मात्र १६ टक्के कमी करायचा नाही, कारण विरळ हवा पेट्रोलही कमी ओढते. घनतेच्या गुणोत्तराचं वर्गमूळ घ्यायचं. ०.८४ चं वर्गमूळ ०.९२ च्या जवळपास, आणि २६० ला त्याने गुणलं की २३८. म्हणून तिथे २४०. उलट जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या इम्पीरियल वाळूच्या टेकड्यांवर पहाटे ५ अंश असतं आणि उंची १०० मीटरच्या आसपास. घनता सुमारे १२ टक्के जास्त, वर्गमूळ १.०६, उत्तर २७५. या जेटचे नंबर दहाच्या टप्प्याने येतात, आणि वाळूत भार सर्वांत जास्त असतो, म्हणून २७० नाही, २८०. आकडेमोड फक्त पहिला जेट सुचवते, पक्का करायला तिथे जाऊन प्लग बघावाच लागतो. आमचे हे दोन्ही जमले.

चढताना जेट बदलायला विसरलात तर गाडी फडफडेल, प्लग काळा होईल, एवढंच. उतरताना विसरलात तर पिस्टन जाईल. म्हणून २४० घातला की आम्ही टाकीच्या झाकणावर लाल चिकटपट्टी लावतो, आणि २६० परत बसल्याशिवाय ती काढायची नाही. वहीत तारीख, जागा, तापमान, पायलट, स्क्रूचे फेरे, खाच, मेन आणि प्लगचा रंग लिहितो. मुलगा लिहितो, मी सही करते. आबांच्या गॅरेजात हे भिंतीवर खडूने असायचं, दर दिवाळीच्या रंगकामात पुसलं जायचं.

परत आल्यावर पेट्रोलचा कॉक बंद करा आणि कार्ब्युरेटरच्या तळाचा स्क्रू सैल करून फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल डब्यात काढून घ्या. इथेनॉल हवेतलं पाणी धरतं, आणि दोन महिने उभ्या गाडीत सर्वांत आधी बुजतं ते पायलटचं भोक. ते बुजलं की पुढच्या वेळी इंजिन पुन्हा रेसवर तरंगायला लागतं, आणि आपण फट शोधत बसतो.